दिव्याआधीची ऊब : कोंबडीची पिल्ले जगवण्याचा दोन हजार वर्षांचा खटाटोप

१/ अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले कोंबडीचे पिल्लू साधारण ४० ग्रॅमचे असते. ते त्याच दिवशी चालू लागते, दाणे टिपू लागते, आईची हाक ओळखते. एक गोष्ट मात्र त्याला जमत नाही : स्वतःचे अंग गरम राखणे. या एका उणिवेपायी माणसाने भट्ट्या बांधल्या, शेणाचे ढीग रचले, मेंढीची कातडी आणि वाळलेले गवत वापरून पाहिले, कोळसा जाळला आणि शेवटी विजेचा दिवा टांगला. त्या खटाटोपाचा हा इतिहास. #इतिहास #थ्रेड

२/ आधी अडचण नीट समजून घ्यायला हवी. प्रौढ कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि पिसांचा दाट थर ते टिकवतो. पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, फक्त लव असते. शरीर इतके लहान की आकारमानाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ फार मोठे; त्यामुळे आत निर्माण झालेली उष्णता भराभर बाहेर जाते. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करता येते. पिसे फुटली की ही गरज संपते.

३/ कोंबडी हे काम कसे करते, यात पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. ती अंगणातली हवा तापवत नाही. पिल्ले थंड हवेत हिंडतात, चरतात, आणि गारठली की आईच्या पंखाखाली शिरतात. तिथे तिच्या अंगाचा प्रत्यक्ष स्पर्श त्यांच्या पाठीला होतो, वर पिसांचे पांघरूण असते आणि आतली उबदार हवा बाहेर निसटत नाही. ऊब मिळाली की पिल्ले पुन्हा बाहेर. केव्हा आत जायचे आणि केव्हा बाहेर यायचे, हे प्रत्येक पिल्लू स्वतः ठरवते.

४/ कोंबडी दोन वेगळी कामे करते, हेही लक्षात घ्यावे लागते. पहिले २१ दिवस ती अंडी उबवते. त्यानंतरचे काही आठवडे पिल्ले जोपासते. पहिल्या कामाचा पर्याय माणसाला फार लवकर सापडला. दुसऱ्या कामाने मात्र त्याला शेकडो वर्षे चकवले. अंड्याला स्थिर उष्णता पुरते, कारण ते जागचे हलत नाही. पिल्लू हिंडते, घाबरते, गर्दी करते, एकमेकांवर चढून चेंगरते. भट्टी बांधणे सोपे होते. पंख बांधणे अवघड होते.

५/ ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले की इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या ढिगात पुरून, कोंबडीवाचून उबवली जातात. कुजणाऱ्या शेणातून सूक्ष्मजीवांमुळे उष्णता निघते. तिचाच हा उपयोग. रोमन लेखक प्लिनी एक वेगळी कथा सांगतो. पुढे सम्राट ऑगस्टसची पत्नी झालेली लिव्हिया टायबेरियसच्या वेळी गरोदर असताना, मुलगा होणार की मुलगी हे पाहण्यासाठी तिने एक अंडे स्वतःच्या छातीशी धरून उबवले. तिला विसावा हवा असे, तेव्हा ते दाईच्या छातीशी दिले जाई. अंड्याला क्षणभरही गारवा लागू द्यायचा नाही, हे तेव्हाही ठाऊक होते.

६/ इजिप्तमधील कला पुढे मोठ्या उद्योगात बदलली. मातीच्या विटांच्या लांबट इमारती, मधोमध अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या ओळी आणि प्रत्येक खोलीचे दोन मजले. खालच्या मजल्यावर हजारो अंडी मांडलेली; वरच्या मजल्यावर वाळलेले शेण आणि भुसा यांचा मंद विस्तव. धूर आणि हवा जाण्यासाठी छताला झरोके. सुमारे १२०० सालच्या इजिप्तचे वर्णन करणाऱ्या अब्द अल-लतीफ अल-बगदादी या विद्वानाने या भट्ट्यांची तपशीलवार हकिकत लिहिली आहे.

७/ या भट्ट्यांत तापमापक नव्हता. कारागीर अंडे उचलून पापणीला लावी. पापणीची त्वचा अतिशय पातळ आणि संवेदनशील असते. ऊब थोडीशी कमीजास्त झाली तरी तिला कळते. विस्तव वाढवायचा की झरोका उघडायचा, हे त्या स्पर्शावर ठरे. इंग्रज गणितज्ञ जॉन ग्रीव्ह्ज १६३९ साली कैरोत असताना त्याने हा उद्योग पाहिला. त्याचा वृत्तान्त लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १६७७ साली छापला गेला आणि युरोपातील विद्वानांचे कुतूहल चाळवले.

८/ व्यवहारही ठरलेला असे. युरोपात पोहोचलेल्या वृत्तान्तांनुसार भट्टीवाल्याने अंड्यांच्या दोन-तृतीयांश इतकी पिल्ले मालकाला परत द्यायची; त्याहून अधिक निघाली तर ती त्याची. पिल्ले बाहेर आली की थोड्याच काळात घरोघरी वाटली जात. पुढचे काम इजिप्तची उबदार हवा बऱ्याच अंशी करून टाकी. म्हणूनच इजिप्तच्या कारागिरांना पिल्लांसाठी वेगळे यंत्र शोधण्याची निकड फारशी भासली नाही. ती निकड थंड प्रदेशाला भासणार होती.

९/ चीनमध्ये हीच समस्या दुसऱ्या वाटेने सोडवली गेली. तिथे मोठ्या टोपल्यांत अंडी ठेवून सुरुवातीला कोळशाच्या निखाऱ्यांची ऊब देत. अंड्यातला जीव वाढू लागला की तो स्वतःच उष्णता निर्माण करतो. मग ती अंडी विस्तवापासून काढून फळ्यांवर मांडायची आणि जाड पांघरुणांनी झाकायची. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या पूर्व आशियातील शेतीवरील पुस्तकात अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी अशा उबवणगृहांचे वर्णन केले आहे. तिथला कारागीरही अंडे पापणीलाच लावत होता.

१०/ चिनी पद्धतीत एक मोठे तत्त्व दडलेले होते : जीव स्वतः उष्णता निर्माण करत असेल, तर बाहेरून आणखी देण्यापेक्षा त्याचीच उष्णता अडवून धरणे पुरेसे ठरते. मराठीत यासाठी दोन शब्द हाताशी आहेत. विस्तवातून येते ती उष्णता. गोधडीत मिळते ती ऊब. गोधडी स्वतः काहीच तापवत नाही, तरी तिच्याखाली झोपलेला माणूस गारठत नाही. पिल्लांच्या बाबतीत हा फरक पश्चिमेत सविस्तर मांडला गेला तो अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये.

११/ रेने-आंत्वान द रेओम्यूर हे त्या काळातील नामवंत निसर्गशास्त्रज्ञ. पाणी गोठण्याचा बिंदू शून्य आणि उकळण्याचा बिंदू ८० मानणारी तापमापनश्रेणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इजिप्तच्या भट्ट्यांचे वृत्तान्त मिळवून त्यांनी फ्रान्समध्ये प्रयोग आरंभले आणि १७४९ साली घरगुती पक्षी कोणत्याही ऋतूत उबवण्याच्या व वाढवण्याच्या कलेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या नावातच ‘उबवणे’ आणि ‘वाढवणे’ ही दोन कामे वेगळी मांडली होती.

१२/ इंधन महाग असल्याने रेओम्यूर यांनी ताज्या शेणखताच्या ढिगात पिंपे पुरून त्यांत अंडी ठेवली. उष्णता योग्य होती, तरी आतले जीव मरू लागले. शेणातून निघणारी दमट वाफ पिंपात शिरत होती आणि तीच घातक ठरत होती. पिंपाला आतून लेप देऊन ती वाट बंद केल्यावर यश येऊ लागले. ऊब आणि ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऊब राखताना ओल साठू द्यायची नाही, हा धडा पिल्लांच्या प्रत्येक पेटीला आजही लागू आहे.

१३/ तापमापक साध्या शेतकऱ्याला परवडणार नाही, याचीही जाणीव रेओम्यूर यांना होती. त्यांनी सुचवलेली युक्ती स्वयंपाकघरातली होती : लोणी आणि त्याच्या निम्मी चरबी एकत्र वितळवून लहान कुपीत भरायची आणि ती कुपी अंड्यांशेजारी ठेवायची. मिश्रण घट्ट राहिले तर उष्णता कमी. तेलासारखे पातळ झाले तर जास्त. कुपी कलती केल्यावर दाट पाकासारखे हळूहळू सरकले, तर उष्णता योग्य. पापणीच्या जागी आता लोणी आले होते.

१४/ पिल्ले निघाली, पण पॅरिसचा हिवाळा इजिप्तसारखा नव्हता. ती जगवायची कशी? युरोपात एक जुनी रीत होती : खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पोटाची पिसे उपटायची, तिथे खाजकुइलीसारख्या झोंबऱ्या वनस्पतीची पाने चोळायची आणि त्याला पिल्लांवर बसवायचे. पिल्लांच्या मऊ स्पर्शाने आग शमते, म्हणून तो त्यांना जवळ करतो, असा समज होता. या क्रौर्याला रेओम्यूर यांनी पर्याय शोधला. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘कृत्रिम आई’.

१५/ ही ‘आई’ म्हणजे लिहिण्याच्या उतरत्या मेजासारखी एक चौकट. पुढची बाजू उंच, मागची ठेंगणी, आणि छताला आतून लोकरीसह मेंढीचे कातडे लावलेले. पिल्लू आत शिरे आणि जिथे त्याची पाठ लोकरीला टेके तिथे थांबे. लहान पिल्लू खोल जाई, मोठे पिल्लू अलीकडेच राही. मागून येणाऱ्यांच्या रेट्याने पुढची चेंगरू नयेत, म्हणून निसटायला वाट ठेवलेली. ही चौकट शेणाच्या मंद उबेवरच्या पेटीत ठेवली जाई. अठराव्या शतकात माणसाने लाकूड आणि लोकर यांचा पंख तयार केला होता.

१६/ या रचनेत तीन गोष्टी साधल्या होत्या. पाठीला स्पर्श, वरून आच्छादन, आणि आत-बाहेर करण्याची मोकळीक. कोंबडीच्या पंखाखालीही नेमके हेच तीन गुण असतात. पुढच्या दीडशे वर्षांत यंत्रे कितीतरी सुधारली, पण यातला एखादा गुण सुटला की पिल्ले मरत, असे पुन्हा पुन्हा दिसून आले.

१७/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उबवणयंत्रांचे कारखाने उभे राहिले. कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस यांच्या १८७९ मधील यंत्रापासून सुरू झालेल्या उद्योगामुळे ते गाव पुढे जगाची अंड्यांची टोपली म्हणून मिरवू लागले. अंड्यातील बलक पोटात ओढून घेऊनच पिल्लू बाहेर येते, त्यामुळे सुमारे तीन दिवस ते दाणापाण्यावाचून तग धरते. याच गुणामुळे पिल्ले रेल्वेने दूरवर जाऊ लागली. १९१८ पासून अमेरिकी टपाल खातेही एक दिवसाची पिल्ले स्वीकारू लागले.

१८/ याची दुसरी बाजूही होती. लेगहॉर्नसारख्या जातींत भरपूर अंडी देणाऱ्या माद्या निवडत गेल्याने खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झाली. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. व्यापाराला ते परवडत नव्हते. परिणामी टपालातून आलेल्या शेकडो पिल्लांना घरी पंखाखाली घेणारे कोणी उरले नाही. उत्तर म्हणून रॉकेलच्या दिव्यावर चालणारी ब्रूडरे आली. दिवा विझला तर पिल्ले गारठत. भडकला तर पेटीसकट जळत.

१९/ याच भीतीतून विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ‘अग्निविरहित ब्रूडर’ लोकप्रिय झाला. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथील ई. डब्ल्यू. फायलो यांनी परसातल्या लहान जागेत कोंबड्या पाळण्याची आपली पद्धत पुस्तिकांतून देशभर पोहोचवली. दिवा नको, हे तिचे एक मोठे आकर्षण होते. अशा पेटीची रचना सोपी असे : लाकडी खोके, आत कोपरे गोलसर केलेले घरटे, वर चौकटीला सैल ताणलेले कापड आणि त्यावर कोंडा किंवा पिसे भरलेली उशी. कापडाचा झोळ पिल्लांच्या पाठीला टेके. पिल्लांचीच उष्णता त्यांना परत मिळे.

२०/ पण ही पेटी शहाण्या हातांची अपेक्षा ठेवी. पिल्ले फार थोडी असतील तर पुरेशी उष्णताच निर्माण होत नसे; फार जास्त असतील तर चेंगराचेंगरी होई. कोपरे राहिले तर तिथे ढीग साचे आणि खालची पिल्ले गुदमरत. हवा अगदी कोंडली तर ओल आणि विष्ठेतला अमोनिया साठे. पिल्ले वाढतील तसे पांघरूण कमी करावे लागे. कडाक्याच्या थंडीत पहिल्या रात्री गरम पाण्याचे भांडे मध्ये ठेवावे लागे. गारठलेले पिल्लू आत जायचे विसरते, म्हणून पहिले एक-दोन दिवस त्यांना वारंवार आत ढकलावे लागे.

२१/ या पद्धतीची मर्यादा १९२३ साली डेलावेअरमधील एका चुकीने उघड केली. ओशन व्ह्यू येथील सेसिल स्टील या गृहिणीने ५० पिल्ले मागवली. हाती आली ५००. तिने ती परत न पाठवता कोळशाच्या शेगडीवर वाढवली. ३८७ जगली आणि मांसासाठी पौंडाला ६२ सेंट या भावाने विकली गेली. पुढच्या वर्षी तिने १००० मागवली. १९२६ पर्यंत तिच्याकडे १०,००० पक्ष्यांची सोय झाली होती. अमेरिकेतील ब्रॉयलर उद्योगाचा आरंभ इथून मानला जातो. इतक्या संख्येसमोर उशीची पेटी टिकणे शक्य नव्हते.

२२/ मग गावोगाव वीज पोहोचली आणि अवरक्त किरणांचा दिवा आला. साखळीने टांगायचा, बटण दाबायचे, काम झाले. पिल्ले नजरेसमोर राहतात, दिव्याची उंची बदलून उष्णता कमीजास्त करता येते. मात्र २५० वॅटचा एक दिवा रात्रंदिवस जळत राहतो. तो भुश्यावर पडला तर आग लागते. वीज गेली तर तासाभरात पिल्ले आकसू लागतात. दिवा लोकप्रिय झाला तो माणसाची मेहनत वाचली म्हणून. पिल्लाची मूळ गरज होती तीच राहिली.

२३/ इंधन आटले की जुने ज्ञान पुन्हा वर येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अंड्यांवर नियंत्रण आले. माणशी आठवड्याला जेमतेम एक अंडे. ज्यांनी परसात कोंबड्या पाळल्या त्यांना अंड्यांचा वाटा सोडून त्याबदली कोंबडीखाद्य घेता येई. त्या काळात आणि नंतरही तिथे ‘गवतपेटी’ वापरात होती : खोक्याच्या भिंतींत आणि छतावर दाबून भरलेले वाळलेले गवत, मध्ये पोकळी आणि पुढे चरायला जाळीचा आडोसा. काही आठवड्यांची पिल्ले तापत्या ब्रूडरमधून इथे आणत आणि पुढे त्यांना इंधन लागत नसे.

२४/ गवताच्या पेटीत तेव्हा ब्रिटिश गृहिणी अन्नही शिजवत. एक उकळी आलेले भांडे गवतात पुरून ठेवले की उरलेले शिजणे आपोआप होई. भांडे असो वा पिल्लू, तत्त्व एकच : गवताच्या काड्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पिसेही हेच करतात.

२५/ महाराष्ट्रात हा इतिहास कागदावर कमी आणि अंगणात अधिक जगला. खुडूक झालेली देशी कोंबडी अंड्यांवर बसवायची, पिल्ले निघाली की रात्री आईसकट डालग्याखाली झाकायची, ही रीत खेडोपाडी चालत आली. कुक्कुटपालनाच्या व्यवसायात मात्र दिवा आला. मराठीत ब्रूडरला ‘कृत्रिम दाई’ असेही म्हणतात. रेओम्यूर यांच्या ‘कृत्रिम आई’शी या नावाचे नाते सहज जुळते. वीज गेली की शेडमध्ये आजही शेगडी पेटते, पडदे सोडले जातात आणि भाताच्या तुसाचा थर जाड केला जातो.

२६/ ऊब पुरेशी आहे का, हे सांगणारा सर्वांत जुना मापकही टिकून आहे : स्वतः पिल्लू. सगळी एकत्र गोळा होऊन मोठ्याने चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. उबेपासून दूर, चोची उघड्या आणि पंख सैल असतील तर उष्णता जास्त झाली आहे. एकाच बाजूला गेली असतील तर कुठून तरी वारा येतो आहे. सगळीकडे सारखी पसरून काही चरत, काही पेंगत असतील तर सारे ठीक आहे. हे वाचण्यासाठी तापमापक लागत नाही. थांबून पाहणारा माणूस लागतो.

२७/ अलीकडे लहान प्रमाणावर पिल्ले पाळणाऱ्यांमध्ये दिव्याऐवजी विजेची उबदार पाटी रूढ होते आहे. चार पायांवर उभी, एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला ठेंगणी. पिल्ले खाली शिरतात, पाठ टेकवतात आणि हवे तेव्हा बाहेर येतात. मेंढीच्या कातड्याच्या जागी तापती पाटी आली. बाकी रचना १७४९ सालच्या ग्रंथातलीच वाटावी इतकी जवळची आहे. वीजही दिव्याच्या मानाने थोडीच लागते.

२८/ भट्टीपासून दिव्यापर्यंतच्या वाटेवर माणूस दर टप्प्याला अधिक उष्णता निर्माण करायला शिकला. ती राखायची कशी, हे ज्यांना कमी इंधनात भागवावे लागले त्यांनी शोधले : चिनी कारागिराने पांघरुणात, रेओम्यूर यांनी लोकरीत, फायलो यांनी उशीत, युद्धकाळातल्या ब्रिटिश घरांनी गवतात. आणि या सर्वांच्या कितीतरी आधीपासून, अंगणातली खुडूक कोंबडी पंख किंचित पसरून, खाली पाय दुमडून, तेच काम निमूटपणे करत आली आहे.